म लावायचा राहिला

ती. अक्षताताईस मनूचा वाकून नमस्कार.

पण तू फोन आपटलास ते बरोबर नाही केलंस. "तुला फक्त स्वतःचं पडलंय" म्हणालीस आणि माझं उत्तर ऐकायला थांबलीसच नाही. बाबांचा डावा हात आता वर होतो का? तुझी कंबर कशी आहे? मी मजेत. इथे फ्रान्समध्ये, लिआँला थंडी मरणाची, पण हॉटेलात भांडी घासतो, त्यामुळे हात कायम गरम पाण्यात.

तर ताई, फ्रेंचवाले तुझ्याच पार्टीचे निघाले. इथे राहायच्या परमिटसाठी दर सोमवारी क्लासला बसतो, तिथल्या बाई सांगतात, स्वतःचं स्वतः काही केलं की मध्ये एक 'म' लावायचा. आपण "मी आपला उठलो, मी आपला बसलो" म्हणतो ना, त्यातला 'आपला' समज. उठायला म, आंघोळीला म, कपड्यांना म. त्यात 'लेव्ह' म्हणजे उठवणं आणि 'लाव्ह' म्हणजे धुणं. (एक मात्रा चुकली की माणूस झोपेतच धुतला जातो.) नववी नापासाला हे झेपणार कसं?

परवा बाईंनी विचारलं, सकाळी काय काय करता. मी ताठ उभा राहून म्हणालो, उठवतो, आंघोळ घालतो, कपडे चढवतो. म लावायचा राहिला. वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "कोणाला?" चुकलो म्हणायचं सोडून माझ्या तोंडून निघालं, "पपा." परळला दोन वर्षं आपली सकाळ तीच होती ना. तू पाठ धरायचीस, मी तांब्या ओतायचो, बाबा दोघांनाही शिव्या घालायचे. बाई म्हणाल्या, मग वाक्य बरोबर आहे. आता कोण करतं? मी म्हटलं, ताई. "एकटी?" या शब्दाला उत्तर येत होतं, पण बसलो आपला खाली.

खोलीवर येऊन तुझा अख्खा दिवस वहीत फ्रेंचमध्ये लिहून काढला. बावीस वाक्यं झाली. (तुझ्या बाबतीत 'म'चा 'स' होतो.) एकातही तो लावायला जागा सापडली नाही.

तुझा,
मनू

ता. क. चाळीतल्या वसंतशी बोललोय, तो वॉर्डबॉय आहे. येत्या रविवारपासून दर रविवारी सकाळी बाबांचं तो करेल. नाही म्हणू नकोस. तू दादर चौपाटीवर जा आणि बस आपली.

आणखी एक ता. क. वसंतचे पैसे त्याला वेगळे दिलेत. हे सोबत पाठवलेत ते फक्त तुझे. यातून बाबांची एक गोळी जरी आणलीस, तर यावेळी फोन मी आपटेन. चार हजार सातशे रुपये.