पर्समध्ये वाजलेला फोन

प्रिय ठकू,

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून दचकू नकोस. फोनवर तू मला पुरतं बोलू देतेस कुठे! तुझं गर्भाशयातल्या गाठींचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं, डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून घ्यायला सांगितलंय, आणि तुझं आपलं आज पाहुणे, उद्या शाळेतल्या परीक्षा. तुझा नवरा पक्का चुगलखोर आहे, मला सगळं कळतं.

लॅबमध्ये लोकांचं रक्त काढण्यात आयुष्य गेलं माझं, तेव्हा ऐक. या तपासणीत रक्तात ज्या खुणा बघतात, त्या गर्भाशयात पुन्हा गाठी होण्याचा धोका जास्त की कमी, एवढाच अंदाज देतात, आणि तोही कच्चा. सोनोग्राफी बघितल्याशिवाय कुणी त्यावर विसंबत नाही. पण तुला मूल हवंय ना? मग धोका जास्त दिसला तर उगाच थांबायचं नाही, एवढं तरी कळेल. घाबरून बसलीस तर नुसता वेळ जाईल.

आता माझी फजिती ऐक. आमच्याकडे स्वतःचं रक्त चोरून तपासायचं नाही, असा कडक नियम. मी भलत्याच बाईच्या नावाने माझ्या रक्ताची नळी ठेवली, आणि फोन नंबर मात्र सवयीने माझाच लिहिला! हिमोग्लोबिन इतकं खाली, की काउंटरवरच्या मुलीने घाबरून त्या बाईंना ताबडतोब फोन लावला. तो वाजला माझ्या पर्समध्ये. सगळे खो-खो हसले, मग तो आकडा आठवून मला खुर्चीत बसवलं. साहेबांनी चांगलंच झापलं मला.

हो गं, माझ्या गाठी परत आल्यात, अंगावरून जाऊन जाऊनच रक्त एवढं कमी झालंय. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी छाती ठोकून म्हणाले होते, माझ्याकडे बघ, गेल्या त्या गेल्या. तू माझ्याकडे बघूनच धीर धरलास, म्हणून तुला सांगायला जीभ रेटेना. पण माझं झालं ते तुझं होईलच असं नाही. सोमवारी माझं गर्भाशय काढणार आहेत. पोरं मोठी झाली, त्याचं दुःख नाही, पण भीती वाटते, खूप. तू ये. आदल्या दिवशी माझं रक्त घेतील, तेव्हाच शेजारच्या खुर्चीत बसून तुझंही देऊन टाक. मी रोज सगळ्यांना सांगते, सुईकडे बघू नका, पटकन होईल. या खेपेला ते मला तू सांग.

तुझीच,
ताई