गिटारच्या पाठीवरची निळी अक्षरं

रवीदादा,

भेंडीची भाजी झाकून ठेवलीय, गरम करून घे. तुझ्यासोबत एका ताटाला बसायची आज माझी इच्छा नाही, म्हणून नवघरला आईकडे जातेय.

गिटारवाले डिमेलो अंकल दुपारी येऊन गेले. बाबांची हवाईयन गिटार त्यांनी मांडीवर आडवी घेतली, तारा छेडल्या, खूश झाले. मग पालथी केली आणि मागच्या लाकडावरून बोट फिरवलं. म्हणाले, "हे कोणी घासलं? चाव्या नवीन, पिकअप नवीन. हिचं साल कळायला मागचा जुना रंगच उरला होता. आता किंमत कशावरून लावू?"

मागे काय होतं ते मीच त्यांना सांगितलं. 'जय भीम गायन पार्टी, १९६८.' बाबांनी स्वतःच्या हाताने निळ्या ऑइलपेंटने लिहिलेलं.

"फ्रेश दिसावी म्हणून पॉलिश केली" ही शेंडी मला लावू नकोस. पुढचे सगळे ओरखडे जसेच्या तसे आहेत. पॉलिशपेपर फिरलाय तो फक्त त्या अक्षरांवर. शिसारी आली मला. त्याच पार्टीच्या बिदागीतून तुझ्या कॉलेजची फी गेली रे!

गिटार मी सोबत नेतेय. ती आता कोणालाच विकायची नाही.

अंकलना लिफ्टपर्यंत सोडून परत आले तेव्हा आपल्या दारावरची नवी पाटी पहिल्यांदा नीट वाचली. नुसतंच 'रवी के.' तिथलं आडनाव कुठल्या गिऱ्हाईकासाठी घासलंस?

पंचशीला कोंडिराम सोनकांबळे