उठायची पाळी

३ ऑक्टोबर, शनिवार
आलो बाई एकदाचे! सामान धड पोचलं, आरशाचा एक कोपरा तेवढा उडाला. नवऱ्याला साबणाच्या कारखान्यात बढती मिळाली म्हणून हे गाव आणि हे घर. दोन खोल्यांतून थेट चार! त्यातली खिडकीवाली लहान खोली टिल्लीची. आठ महिन्यांची पोर, आणि स्वतःची खोली असलेली आमच्या घराण्यातली पहिलीच. ताईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, एवढ्याशा जिवाला एकटं कशाला झोपवता गं? मी म्हटलं, तुला हेवा वाटतोय. दार उघडं असतं आणि आमचा पलंग दहा पावलांवर आहे. शिवाय गेले दोन महिने टिल्ली रात्रभर गाढ झोपते. कुणाची दृष्ट न लागो.

९ ऑक्टोबर, शुक्रवार
लागली! टिल्ली रात्रीची पुन्हा उठायला लागलीय. एकदा, दोनदा, काल तर चारदा. सासूबाई फोनवर म्हणतात दात येत असतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या जागा बदलली की होतं असं, आठवडाभरात बसेल. तोवर आम्ही पाळ्या लावल्यात. पाळण्याच्या कठड्याला कपड्यांचा चिमटा अडकवलाय. मी उठले की चिमटा नवऱ्याच्या बाजूला सरकवायचा, तो उठला की माझ्या बाजूला. ज्याची पाळी नाही त्यानं पाठ करून, डोळे मिटून पडायचं. चौकशी करायची नाही, नाहीतर दोघांच्याही झोपेचं खोबरं. ही अक्कल माझी.

१४ ऑक्टोबर, बुधवार
नवरा सुधारला! तीन रात्री झाल्या, टिल्ली रडली की मी हलायच्या आत हा तिकडे पोचलेला. पावलं ऐकू येतात, मग थोपटणं, मग हलकं गुणगुणणं. हा माणूस आंघोळ करतानाही कधी गुणगुणला नाही! चिमटा बघायचंसुद्धा मी सोडून दिलंय. पाठ करून पडल्यापडल्या इतकं भरून आलं, की लग्नापासूनची त्याची सगळी पापं माफ करून टाकली.

१५ ऑक्टोबर
सकाळी चहा पिताना त्याला तसं सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, मीच तुला म्हणणार होतो. तीन रात्री तू उठतेयस, मी मेल्यासारखा पडून ऐकतोय. तुझा आवाज हल्ली गोड लागतो.
आम्ही हसलो. मग दोघंही एकदमच उठलो.
चिमटा बघायला गेलो. तो कठड्याच्या बरोबर मधोमध होता. आम्हा दोघांपैकी कुणीही तो तिथे लावलेला नाही.

१६ ऑक्टोबर
पाळणा आमच्या पलंगाशी आणला. रात्रभर टिल्ली किंचाळत होती, त्या खोलीकडे हात पसरून. अंगावर घेतलं तर तोंड फिरवलं. माझ्याकडे बघतही नाही.

१८ ऑक्टोबर
घरमालकीणबाईंना गाठलं. त्या दोरीवरचे कपडे काढत होत्या. आधीच्या भाडेकरूंचं मूलही फार शांत होतं म्हणाल्या. मग ते जोडपं घर सोडून गेलं. मी विचारलं, आणि मूल? त्यांनी चादरीची घडी घातली, मग पुन्हा उलगडून घातली.
आजच ताईकडे निघतोय. कपडेही भरले नाहीत.

२२ ऑक्टोबर. ताईकडे.
चार दिवस पोटात काही नाही. चमच्यानं पाजलेलं दूध ओठाच्या कडेनं बाहेर येतं. दवाखान्यात नळी घातली, तर ओकून टाकलं. तपासण्या सगळ्या चांगल्या. पाऊण किलो उतरलीय. रडायचीसुद्धा थांबलीय, नुसती दाराकडे बघते. माझं बाळ माझ्या डोळ्यांदेखत चाललंय आणि मला काही करता येत नाही. ताई म्हणाली, ती कुणाची तरी वाट बघतेय गं.

२४ ऑक्टोबर
नवरा म्हणाला, परत नेऊ या. मी त्याला राक्षस म्हटलं, नाही नाही ते बोलले.
मग मीच पिशवी भरली.

२५, रात्र
तिच्या खोलीत ठेवलं. दार लोटलं. आम्ही दोघं बाहेर, जमिनीवर.
दहा मिनिटं काहीच नाही. मग पावलं. थोपटणं.
आता चुटुचुटु आवाज येतोय. पितेय ती. पोटभर पितेय. माझी छाती दुधानं ठणकतेय, आणि मी इथे —

२९
गाल भरलेत. जगली. जगली माझी बाई.
दिवसभर झोपते, रात्री हसते. मी आत पाऊल टाकलं की तोंड लपवते. परकं माणूस आल्यावर लपवतात तसं. कुणाच्या तरी खांद्यात. खांदा दिसत नाही —
नवरा कारखान्यातून दोन दिवस आलेला नाही. फोनही —

३१
दाराशी बसलेय. इथनं हलणार नाही. माझी आहे ती. माझी —
आत्ता बोलली! पहिल्यांदाच. स्पष्ट. "आई" म्हणाली.
मी ओ द्यायला तोंड उघडलं, तर माझ्या आधीच आतून —