विमानाचं वेळापत्रक

३ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. डोळ्याचं ऑपरेशन करून घे, टाळाटाळ नको. सोबतीला ये म्हणतेस, तिकीटही पाठवलंस. पण ते बघून मला घाम फुटला. विमान इथून सकाळी साडेनऊला सुटतं आणि तुझ्याकडे त्याच दुपारी सव्वा वाजता पोचतं. अंतर साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे ताशी तेहेतीसशेच्या वर वेग. बस डेपोत चौतीस वर्षं मी वेळापत्रकं बसवली. गाडी जरा जोरात हाणली म्हणून तिघांना घरी बसवलं. असल्या ड्रायव्हरच्या मागे मी बसणार नाही. तुझी वहिनी म्हणते, मी निमित्त शोधतोय. तिचं मनावर घेऊ नकोस.

रागावू नकोस, पत्र लिहीत जा.
तुझा दादा

१७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

अरे, तुझे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा इथे आदल्या रात्रीचे अकरा असतात. तुमची घड्याळं आमच्यापुढे साडेदहा तास. विमानाला खरे सव्वाचौदा तास लागतात. तुझा ड्रायव्हर अगदी गरीब माणूस आहे.

दुकानात परवा मी एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्या शिवल्या. गिऱ्हाईक भिडस्त, तसाच घालून गेला. आता सुईत दोराही ओवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, दहा मिनिटांचं काम. पण ती दहा मिनिटं बाहेर आपलं कुणीतरी बसलेलं असावं, असं वाटतं. नऊ वर्षं झाली रे तुला बघून.

वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी ठमी

२९ मार्च

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

सव्वाचौदा तास, आणि मधे एकही थांबा नाही? ड्रायव्हर पाय कुठे मोकळे करतो? सवय व्हावी म्हणून वहिनीने मला रविवारी खुर्चीत बसवून कमरेला तिच्या जुन्या साडीचा पट्टा बांधला. जेवणही ताटलीत, मांडीवर. चौथ्या तासाला पाय बधिर झाले. सहाव्या तासाला शेजारी आले, मला बांधलेलं बघून वहिनीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, कधीपासून असं होतंय.

असो. येतोय. तुझी दहा मिनिटं मी बसेन.

तब्येत सांभाळ, हे सांगणं न लगे.
तुझा दादा

२१ एप्रिल

सौ. वहिनीस सा. न. वि. वि.

दादा सुखरूप पोचला. विमान अकरा मिनिटं लवकर आलं, म्हणून तक्रार नोंदवायला तो तासभर कंट्रोलर शोधत होता. तोवर मी बाहेर एका तपकिरी कोटवाल्याला दादा समजून मिठी मारली आणि रडले. माणूस सज्जन. पाठ थोपटत उभा राहिला.

ऑपरेशन दहा नव्हे, चोवीस मिनिटं चाललं. नर्स सांगत होती, अकराव्या मिनिटापासून दादा दर मिनिटाला दार वाजवत होता. शेवटी तिने त्याला आतल्या स्टुलावर बसवलं, तेव्हा गप्प झाला.

काल पट्टी काढली. पहिला दिसला तो दादा. म्हातारा झालाय गं वहिनी. इतक्या पत्रांतून तुम्ही कुणी हे कळवलं कसं नाही? मी त्याच्या तोंडावर बोलून दाखवलं, तर तो मला नीट न्याहाळून डॉक्टरांना म्हणाला, दुसरा डोळा लगेच करू नका, एवढ्यात तिने आरसा बघायला नको.

आम्हा दोघांवर लोभ आहे तो वाढू दे.
तुझी ठमी