मैदान: आहे, सुस्थितीत

ता. ३

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिना उतरताना कठडा धर, आणि तू तिच्यापुढे दोन-दोन पायऱ्या गाळत सुटू नकोस. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी तापले की तू तो वहिनीच्या हातात देऊन पळ काढतोस.

तुला बोलले होते की नाही, आठवत नाही. गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या मैदानात पाण्याची टाकी उभी राहिली. उरलेल्या जागेत पंपघर आणि भोवती तारेचं कुंपण. आता खेळाच्या तासाला मी एकवीस मुलींना शाळेमागच्या रस्त्यावर पळवते. तास रद्द करायला मुख्याध्यापिका तयार नाहीत, कारण तासांची संख्या वर कळवावी लागते. त्याच रस्त्याने लाकडाच्या वखारीचे ट्रक येतात. मी कोपऱ्यावर उभी राहते. ट्रक दिसला की एक लांब शिट्टी, की सगळ्यांनी भिंतीला पाठ लावायची. तू मला शिट्टीबाई म्हणून चिडवतोस ना, हल्ली चार वाजत आले की ती शिट्टीबाई आधी एकटीच कोपऱ्यावर जाऊन रस्ता बघून येते. तास संपल्यावर मी मुली दोनदा मोजते.

मैदानासाठी चार अर्ज केले. काल शिक्षण खात्याचं उत्तर आलं, एका ओळीचं: सदर शाळेचे मैदान अस्तित्वात असून सुस्थितीत आहे, सबब कार्यवाहीची आवश्यकता नाही. खाली सही म्हणजे नुसते कोंबडीचे पाय. तू त्याच इमारतीत बसतोस, तर हा महापुरुष कोण ते शोधून दे. त्याला आमच्या सुस्थितीतल्या मैदानावर एक फेरी मारायला बोलावते.

आशीर्वाद तर असतोच, या खेपेला सोबत उत्तरही लवकर यावं.

तुझी,
शिट्टीबाई

ता. ९

चि. शिट्टीबाईस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघ्याची सूज उतरली आहे. वहिनी म्हणते, कठड्यापेक्षा तुझ्या दादालाच धरून ठेवायला हवं. घरातली कुंडी माझ्या हातून फुटली, ते मात्र ती तुला आपणहून कळवेलच.

त्या उत्तराचं म्हणशील तर अशी उत्तरं कुणी एक माणूस लिहीत नाही. खालून माहिती येते, या टेबलावरून त्या टेबलावर जाते, शेवटी कुणीतरी सही ठोकतो. त्यात माणूस शोधत बसण्यात अर्थ नाही. तू पाचवा अर्ज करू नकोस. शाळांच्या मैदानांबद्दल सभागृहात प्रश्न विचारला गेला होता. मंत्र्यांनी आमच्या खात्याच्या तक्त्यावरून उत्तर दिलं आणि ते छापूनही आलं. अशा वेळी कुणी निराळं बोललं की साहेबलोक आधी बोलणाऱ्याचीच मान धरतात. थोडी कळ काढ. बाकं सरकवून वर्गातच कवायत घे.

तो रस्ता किती रुंद आहे? ट्रक गेला की भिंतीपर्यंत किती जागा उरते? टाकी नक्की कोणत्या महिन्यात बांधली? सहज विचारतो आहे.

जिवाला जप, आणि या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

ता. १६

ती. दादास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

आमची बाकं जमिनीत पक्की केलेली आहेत, ती सरकत नाहीत. म्हणून मंगळवारी पुन्हा रस्त्यावर गेलो. ट्रक आला, मी शिट्टी मारली, वीस जणी भिंतीला लागल्या. काडी धावतच राहिली. काडी म्हणजे आमची सगळ्यात बारीक आणि सगळ्यात वेगवान मुलगी. कान दुखतो म्हणून तिने दोन्ही कानांत कापसाचे बोळे घातले होते, आणि सांगितलं तर बाई पळू देणार नाहीत म्हणून मला सांगितलं नव्हतं. ट्रकचा आरसा तिच्या खांद्याला लागला. ती पडली आणि मागचं चाक तिच्या वेणीजवळून गेलं. कोपराचं हाड मोडलं आहे. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वाचली. मी डोळे मिटले की मला ती दिसत नाही, ते चाक दिसतं.

काल नोटीस आली. मैदान उपलब्ध असताना विद्यार्थिनींना रस्त्यावर का नेले, याचा सात दिवसांत खुलासा मागितला आहे. कागदावर मैदान आहे, त्यामुळे रस्त्यावर जाणं हा माझा शहाणपणा ठरला. मला तो रस्ता ज्यांनी दाखवला त्या मुख्याध्यापिका आता म्हणतात, स्वतःच्या मर्जीने नेलं असं लिहून द्या, ताकीद देऊन सोडतील. काडीच्या आईने विचारलं, पोरींना रस्त्यावर कुणी नेलं. मी म्हटलं, मी.

मला भीती वाटते आहे, दादा. नोकरीची वाटते, पोलिसांची वाटते. पण मला काढलं तर दुसरी कुणी बाई शिट्टी घेऊन त्याच कोपऱ्यावर उभी राहील, याची सगळ्यात जास्त वाटते.

तू विचारलं होतंस: टाकी फेब्रुवारीत झाली, आणि ट्रक गेला की भिंतीपाशी हातभर जागा उरते. ते उत्तर कुणी लिहिलं ते आता शोधच.

तुझ्या एका शब्दाची वाट बघणारी,
शिट्टीबाई

ता. १९

चि. शिट्टीबाईस,
अ. उ. आ.

ते मी लिहिलं. तुझं पहिलं पत्र उघडलं तेव्हाच मला समजलं होतं, आणि तरीही मी तुला बाकं सरकवायला सांगितलं.

ऐकून घे. दोन वर्षांपासून मैदानांचा तक्ता माझ्या टेबलावर आहे. घरी सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, म्हणून सांगितलं नाही. सभागृहातला प्रश्न आला तेव्हा संध्याकाळी पाचपर्यंत तक्ता वर पाठवायचा होता. दोनशे बारा शाळांकडून माहितीच आली नव्हती. अशा ओळी रिकाम्या गेल्या की तक्ता परत येतो आणि शिव्या मिळतात. म्हणून मागच्या वर्षीचं जसंच्या तसं उतरवायचं, ही आमच्याकडची रीत आहे. मलाही ती माझ्या आधीच्या माणसाने शिकवली. उतरवत उतरवत तुझ्या शाळेच्या ओळीशी आलो आणि मला बरं वाटलं. तुझ्या मुलींच्या शर्यती बघायला आलो होतो, ते मैदान मी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून नुसतं "आहे" न लिहिता मी आपणहून "सुस्थितीत" लिहिलं. ते सहा वर्षांपूर्वीचं मैदान होतं. पुढे तुझा अर्ज आला तो शाळेच्या जावक क्रमांकाने, आणि मी तक्ता बघून उत्तराचा मसुदा केला. अर्जाखालचं तुझं नाव वाचलंसुद्धा नाही.

काल साहेबांना तोंडी सांगून पाहिलं. ते म्हणाले, छापलेलं उत्तर चुकलं म्हणायचं तर मंत्र्यांना सभागृहात उभं राहून दुरुस्ती करावी लागेल, आणि त्याआधी तुमची खातेचौकशी लागेल. त्यापेक्षा त्या शिक्षिकेचा खुलासा आला की प्रकरण मिटेल. ती माझी बहीण आहे हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या तोंडूनही ते निघालं नाही.

माझ्या निवृत्तीला चौदा महिने उरले आहेत. कसं लिहू कळत नाही, पण लिहितो: ताकीद ही फार मोठी शिक्षा नसते. जमलं तर सही करून टाक.

रागावलीस तरी चालेल, परकी होऊ नकोस.

दादा

ता. २१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा तू लिहिलंस यावर विश्वास बसेना, दुसऱ्यांदा खूप राग आला, तिसऱ्यांदा रडले. तू लहानपणी मला सायकल शिकवताना सीट सोडली नाहीस, माझे गुडघे फुटतील म्हणून. त्या दादाने हे लिहिलं, असं मनाला समजावता येत नाही.

मी सही करणार नाही. सही केली तर मैदान आहेच असं मीही म्हटल्यासारखं होईल, आणि पुढच्या वर्षी तुझा तक्ता मागच्या वर्षीचं उतरवून घेईल. उद्या खुलासा देते. त्यात टाकीचा फोटो आहे आणि चारही अर्जांच्या प्रती आहेत. उत्तर कुणी लिहिलं, ते मी त्यात लिहिलेलं नाही. ते मी लिहावं अशी वेळ माझ्यावर आणू नकोस.

काल खेळाचा तास मी घेतला नाही. मुली वर्गात बसून होत्या आणि चार वाजता सगळ्या खिडकीतून टाकीकडे बघत होत्या. काडी प्लास्टर घालून शाळेत आली. मला म्हणाली, बाई, आता कान साफ आहेत, मी ऐकेन. मी तिचं दप्तर उचलून तिच्या बाकावर नेऊन ठेवलं.

तुझ्यासाठीसुद्धा मी घाबरले आहे. वहिनीला सांगितलंस का? आधी तिला सांग.

नमस्कार मोठ्यांना करतात म्हणून करते आहे, तू मोठा हो.

शिट्टीबाई

ता. ३०

चि. शिट्टीबाईस,
अ. उ. आ.

वहिनीला सांगितलं. तिने चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, त्या मुलीचं नाव काय. मला ठाऊक नव्हतं. मग म्हणाली, जा आणि लिहून दे.

मी लेखी दिलं. तक्त्यातल्या दोनशे बारा ओळी न बघता भरल्या, शिक्षिकेचा दोष नाही, असं स्पष्ट लिहिलं. साहेबांनी कागद वाचला, खिडकी लावून घेतली आणि विचारलं की ही शिक्षिका तुमची कोण. सांगितलं. ते म्हणाले, मग बहिणीच्या ओळीपुरतं लिहा, बाकीचं कशाला काढता. मी कागद बदलला नाही. दुसऱ्या दिवशी मला निलंबनाचा आदेश मिळाला.

तुझी नोटीस मागे घेतल्याचं पत्र तुला एव्हाना मिळालं असेल. तुमच्या शाळेपुढे आता "मैदान नाही" अशी दुरुस्ती झाली आहे, आणि पर्यायी जागा मिळेपर्यंत मुलींना रस्त्यावर नेऊ नये असा आदेश निघाला आहे. दुरुस्ती तेवढीच झाली. एका ओळीची चूक खात्याला परवडते, दोनशे बारा ओळींची परवडत नाही, असं मला समजावण्यात आलं. माझा कागद कुठल्या कपाटात गेला, ते कुणी सांगत नाही.

आज टेबल सोपवायला गेलो होतो. माझ्या जागी दुसऱ्या विभागातून एक बाई आल्या आहेत, नीटनेटक्या, कामाला वाघ. नव्या वर्षाचा तक्ता त्यांनी पुढ्यात मांडला होता. त्यांनी मला अगदी आदराने विचारलं की ज्या शाळा कळवत नाहीत त्यांच्या ओळी कशा भरायच्या. मी म्हटलं, रिकाम्या ठेवायच्या. मी गंमत करतोय असं वाटून त्या हसल्या. मग त्यांनी मागच्या वर्षीचा तक्ता उघडला, पट्टी ठेवली आणि माझ्या अक्षरातली पहिली ओळ उतरवायला घेतली.

मी दारात उभा राहून बघत होतो. शिपाई म्हणाला, साहेब, वाटेत उभे आहात.

तुझ्या मायेला आता मी पात्र आहे की नाही, ते तूच ठरव, आणि काहीही ठरलं तरी पत्र पाठव.

दादा