पडवीतले चार दिवस

१२ मार्च १९३८, शेणवा

आणली! आटगावपर्यंत बैलगाडी, पुढे आगगाडीने कल्याण, तिथली डॉक्टरीणबाई — आणि आता ती रबराची टोपी डबीत, माझ्या लुगड्यांखाली. आत बसवायची, की दिवस जात नाहीत. इतकं सोपं! तीन बाळंतपणांत कुणी सांगितलं नाही. तिसऱ्या, गोजरच्या वेळी सकुबाई सुईण घाम पुसत म्हणाली होती, "चवथ्याला मला बोलवू नको गो. तू जगनार नाय."

मला जगायचंय. लिहून ठेवते.

हे जाता-येता खिडकीबाहेरच बघत होते. पण आले. तेवढं पुष्कळ.

३ एप्रिल

बाहेर बसले. पडवीत, घोंगडीवर, राणीसारखी! ना चूल, ना पाणी.

२ मे

परत पडवीत. सासूबाईंची बोलणी सुरू. शेजारच्या जनीला ऐकवत होत्या, सुनेची कूस एवढ्यात आटली, हिने काहीतरी केलंय. त्यांची स्वतःची अकरा बाळंतपणं, सहा जिवंत. शेवटची लहानी तर माझ्या गोजरपेक्षा चार महिन्यांनी धाकटी! तुमचं तुमच्यापाशी, सासूबाई. माझी कूस माझी आहे.

२७ मे

घात झाला. पावसाआधी हे औताच्या चामड्याच्या वाद्यांना करंजाचं तेल चोळतात, कातडं तडकू नये म्हणून. त्याच हाताने डबी उघडून टोपीलाही चोळलं! "सुकी दिसली. चिरंल, म्हटलं." केव्हा? तर दहा-बारा दिवस झाले. आज उजेडात बघते तर फुगलेली, मऊ पडलेली, कडेला भोक. तेल लावायचं नाही हे बाईने मला बजावलं होतं. मी ह्यांना सांगितलं नाही. असल्या गोष्टी कोण तोंडाने बोलतं?

आधी ओरडले, मग रडले. हे वाद्या हातात घेऊन तसेच उभे.

६ जून

अजून बाहेर बसले नाही. रोज चुलीपाशी गेले की सासूबाई गालात हसतात. घाबरलेय, हो. पण मुकाट्याने मरणार नाही!

९ जून

बसले! पडवीत बसले!

दुपारी सासूबाई आल्या आणि माझ्या लुगड्यांखालून हुडकून काढलेली टोपी लांबूनच माझ्यापुढे टाकली. "हे काय हाय?" खोटं सांगता आलं असतं. सगळं खरं सांगितलं — सकुबाईचं, डॉक्टरीणबाईचं, ह्यांना ठाऊक आहे तेही. म्हटलं, "न्हाऊन झालं की दुसरी आणायला जाणार. अडवायचं तर अडवा."

जवळ आल्या, विटाळाचंही भान नाही. टोपी उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि घेऊन गेल्या.

१३ जून

ह्यांनी गाडी जुंपली. बघते तर सासूबाई आधीच आत बसलेल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून. मामंजींना सांगितलंय म्हणे, डोळे दाखवायला चाललेय. गाव मागे पडलं. मग माझा हात धरला.

"मला पन बगंल का गो ती बाई? बाराव्याला मी पन जगायची नाय."