सहा पाट्यांवरची वहिनी

दहिवली, कर्जत
१८ जानेवारी २०२५

प्रिय जयवंता,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. आईचा गुडघा थंडीत धरतो, बाकी तिची काही तक्रार नाही. तू आणि जितेशराव कसे आहात?

वर तुझं नाव लिहायला मला बराच वेळ लागला. रूपेशदादाशी लग्न करून तू या घरात आलीस, तेव्हापासून मी तुला एकाच नात्याने हाक मारली. दादा गेल्यावरही तीच हाक चालू राहिली. तू दुसरं लग्न करून माणगावला गेलीस, त्यानंतर ती मारायचा हक्क मला उरला की नाही, हे मला ठरवता आलेलं नाही. म्हणून कागदावर जे बरोबर आहे ते लिहिलं.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर मी तुला तांदळाचा भाव सांगते, तू मला तिकडे नळाला पाणी कधी येतं ते सांगतेस आणि आपण ठेवून देतो. दोन वर्षं हेच चाललं आहे. लिहिताना निदान खोडता येतं.

आधी कामाचं सांगते. आपलं सातवं दुकान खालापूरला टोलनाक्याच्या अलीकडे उघडतंय, दोन फेब्रुवारीला, रविवारी. जागा मोठी आहे, गाड्या उभ्या करायला आवार आहे. भाकऱ्या सगळ्या दुकानांना अजून दहिवलीच्याच स्वयंपाकघरातून जातात, पण खालापूरला तवे तिथेच मांडायचे ठरवलं आहे. गिऱ्हाइकाला भाकरी फुगताना दिसली पाहिजे. वालाचं बिरडं, सुकट आणि अंडं भरून दुमडलेल्या भाकरीच्या तीन घड्या आहेतच. चौथी पोपटीची, मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांची केली, फक्त थंडीपुरती. भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास मडक्याशिवाय उतरत नाही, हे मला तीन वेळा चुकल्यावर पटलं. आता मागच्या अंगणात खरोखरच मडकी लावतो.

मुंबईहून दोघं जण आले होते. त्यांना आपल्या धंद्यात पैसे घालायचे आहेत. माणसं नीट होती. त्यांची एकच सूचना होती: 'वहिनीची घडी' हे नाव लांब आहे, पाटीवर फक्त 'घडी' ठेवा. मी सांगितलं की नावाची नोंदणी झाली आहे आणि ते बदललं तर सहा पाट्या, वेष्टणं, सगळं नव्याने करावं लागेल. हे खरं कारण आहे. एकमेव नाही.

ते नाव आपण ठेवलंच नव्हतं, तुला आठवत असेल. दादा खोपोलीच्या वळणावर टेंपोच्या अपघातात गेला आणि त्याच वर्षी माझ्या कारखान्याने आमची प्रयोगशाळा बंद केली. घरात तांदूळ होता, बाकी काही नव्हतं. मग जे होतं तेच विकायचं, असं तू म्हणालीस. रसायनीच्या रस्त्याला निळी ताडपत्री, एक टेबल, दोन स्टुलं. दादाच्या ओळखीचे टेंपोवाले थांबायचे आणि लांबूनच ओरडायचे, "वहिनी, दोन घड्या!" त्यांचं ऐकून कारखान्याचे कामगारही तुला वहिनी म्हणायला लागले. तुझ्या वडिलांच्या वयाचे सुपरवायझर वहिनी म्हणायचे. पहिली पाटी रंगवायची वेळ आली तेव्हा रंगाऱ्याने विचारलंही नाही, त्याने तेच लिहून आणलं.

पहिल्या दिवसाची भाकरी मला अजून आठवते. तू ती मऊ करायचीस, पण गार झाली की घडीवर तडकायची. एका कामगाराच्या कोऱ्या पांढऱ्या शर्टावर सगळं बिरडं आलं. तो चिडला, मी माफी मागायला उठले, आणि तू तव्यावरची नजर न हलवता म्हणालीस, "दादा, खायला दिली हाय, नेसायला नाय." तो हसला. दुसरी घडी मागून घेतली. मी त्या दिवशी घरी येऊन तुझी उकड तपासायला घेतली. किती पाणी, किती तापलेलं, झाकण किती वेळ, जुना तांदूळ किती आणि नवा किती. प्रयोगशाळेतून आणलेला थर्मामीटर मी पिठात खुपसला तर तू म्हणालीस, "भाकरीला ताप आला काय गं हर्षे?" आईसुद्धा हसली. दादा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली होती.

दीड महिन्याने भाकरी चार तास मऊ राहायला लागली. हात तुझा, मापं माझी. पुढची सगळी दुकानं त्या चार तासांवर उभी आहेत. कर्जत, नेरळ, खोपोली, चौक, पनवेल आणि ताडपत्रीच्या जागेवरचं रसायनी. लोक मला विचारतात की एवढं कसं उभं केलं. मी मापं सांगते.

मग भाकरी थापायचं यंत्र आलं आणि ते बसवायला जितेशराव आले. यंत्र बसवायला एक खेप पुरते. ते चार वेळा आले. तिसऱ्या खेपेला मी यंत्र स्वतः उघडून पाहिलं होतं, त्यात काहीही बिघाड नव्हता. चौथ्या खेपेला तू त्यांना चहाबरोबर न मागता घडी दिलीस, तेव्हा मला समजलं. तू मला विचारलंस, "काय करू गं?" मी म्हटलं, हो म्हण. आजही तेच म्हणेन. तू बत्तीस वर्षांची होतीस आणि तो माणूस चांगला होता. हा निर्णय बरोबर होता आणि आहे.

तुझं स्टूल अजून आहे. दुकानात नाही, घरी. आई त्यावर चढून फळीवरचे डबे काढते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

आपल्याकडच्या भागूबाईची बहीण माणगावला दिली आहे. भागूबाईने परवा पीठ मळता मळता सांगितलं की तुला सहावा लागला. ती सहज बोलली. तिला वाटलं, आम्हाला माहीत असणार. तू फोनवर सांगितलं नाहीस. का सांगितलं नाहीस, ते मला कळतं. या घरात सांगण्यासारखी ती गोष्ट आहे की नाही, असं तुला वाटलं असेल. तुझी आई आता नाही, माहेरच्या घराला कुलूप आहे, हेही मला माहीत आहे.

आईनेही ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती नारळ खवत बसली होती. मी विचारलं, "आई, परत नारळ?"

"खवट व्हायला लागला व्हता."

आमच्या घरात दोनच माणसं. आमटीला एवढा नारळ लागत नाही. तरी दर महिन्याला एक नारळ खवला जातो आणि मला डब्यात वडी मिळते, हे माझ्या लक्षात आलं होतं. कारण विचारलं नव्हतं. त्या दिवशी मी देवघराचा खालचा कप्पा उघडला. हिरवा खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि नवा कोरा नारळ.

"ही कुणाची ओटी?"

"तिचीच. कवाची भरायची रायली."

तू गेलीस त्या दिवशीबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. तू दारात उभी होतीस, जितेशराव गाडीपाशी. आई आतून म्हणाली, "हातात पीठ हाय माझ्या," आणि बाहेर आली नाही. तू थोडा वेळ थांबलीस. मग उंबऱ्याला हात लावून निघालीस. तिच्या मुलाची बायको दुसऱ्याच्या घरी चालली याचा तिला राग आहे, असं तू समजलीस. मीही तेच समजले होते.

मी आईला सरळ विचारलं, "मग त्या दिवशी बाहेर का नाही आलीस?"

"मी कशी येऊ? माझं कपाळ हे असं. तिच्या नव्या संसाराला माझा हात कशाला लावायचा? पैल्या खेपेला काय झालं ते बघितलं नाय का?"

"ती पण तशीच होती ना, आई."

"म्हणूनच गं. तिला पुन्हा तसं व्हायला नको."

मी म्हटलं, "तिला वाटलं, तू रागावलीस."

आईचा हात खवणीवर थांबला. "असं वाटलं तिला?" एवढंच म्हणाली. मग बाकीचा नारळ खवून झाल्यावर, पदराला हात पुसत म्हणाली, "तिला सांग, पैलं बाळंतपण आयशीकडं असतं."

मी ते जसंच्या तसं लिहिलं आहे. एक शब्दही माझा नाही.

आता अडचण अशी की या घरात ओटी भरायला चालेल अशी बाई एकही नाही. आई विधवा, मी बिनलग्नाची. भागूबाई भरायला तयार आहे, सवाष्ण आहे, लोकांना काही बोलायला जागा राहणार नाही. पण मला वाटतं ओटी आईनेच भरावी. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय. तिला चालंल का ते इचार. पोटात लेकरू हाय तिच्या." म्हणून विचारते. तुला चालेल का? नाही म्हणालीस तर भागूबाई भरेल आणि आई आत बसेल, तिला वाईट वाटणार नाही असं ती म्हणते. मला तिचं बोलणं पटत नाही. पण पोट तुझं आहे, तूच ठरव.

जितेशरावांनाही विचार. त्यांच्या घरच्यांना सांगताना दुकानाच्या उद्घाटनाचं निमित्त देता येईल, म्हणून वर तारीख लिहिली. खालापूरला पहिली भाकरी तू तव्यावर टाकावीस असं मला वाटतं. यंत्र आहे, मुली तरबेज आहेत, भाकरी कुणीही टाकली तरी फुगेल. तरी. त्यानंतर बाळंतपण होईपर्यंत इथेच राहा. डॉक्टर बाई कर्जतमध्येच आहेत, मी भेटून आले. धक्क्यांचा रिक्षाप्रवास नको, मी गाडी घेऊन माणगावला येईन. मधली खोली रिकामी केली आहे. तिथे पिठाची पोती असायची.

पोती मी मागच्या महिन्यातच हलवली होती. भागूबाईने सांगायच्या आधी. का हलवली, ते मला सांगता येत नाही.

आई म्हणते, आता तू तिची मुलगी. या हिशेबाने आपण बहिणी होतो आणि मी तुला ताई म्हणायला हवं. मी दोन दिवस मनात म्हणून पाहिलं. जमत नाही. ताई मला कधी नव्हतीच, तिची उणीवही कधी भासली नाही. सकाळी दुकानं उघडायची वेळ होते, सहा ठिकाणी शटर वर जातात, पाट्यांवर ते एक नाव असतं, येणारा-जाणारा कुणीही ते वाचतो आणि मी त्याच्याखालून आत जाते. हाक मारायला माणूस नाही.

आईला हवी तर तू तिची मुलगी हो. मला वहिनीच पाहिजे.

ये.

तुझी नणंद,
हर्षला